ताहेराबीच्या हातचं पाणी

"हळू बोला, अव्वा."

"हळूच तर बोलायलेय की!"

इरम्माचं हळू बोलणं म्हणजे या बांधावरून त्या बांधावर सहज पोचावं असं. तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत खाटेवर महालिंगप्पाची पाठ कमानीसारखी वर उचलली गेली. दात कचकन आवळले. मानेच्या शिरा दोरखंडासारख्या ताठल्या. इरम्मा पुढं धावणार, तोच ताहेराबीनं तिचा दंड धरला आणि दुसऱ्या हाताचं बोट स्वतःच्या ओठांवर ठेवलं. दोघी तशाच उभ्या राहिल्या. हळूहळू पाठ खाली टेकली. झोपेच्या औषधानं पोराला पुन्हा आत ओढून घेतलं.

"बघितलं?" ताहेराबी नुसत्या श्वासानं बोलली. "म्हणून सांगते."

इरम्मानं पदराचा बोळा तोंडात कोंबला.

येडशीच्या रस्त्याला, उस्मानाबाद गावाच्या बाहेर, एका धर्मादाय संस्थेचा हा दवाखाना. उर्दूतली जुनी पाटी निजामाचं राज्य गेल्यावर काढून टाकली होती, पण भिंतीवर तिची चौकट अजून दिसायची. धनुर्वाताच्या पेशंटाची खोली मागच्या अंगाला, एकटी. खिडकीवर काळं कांबळं, दाराला दुहेरी चादर. उजेड नको, आवाज नको, धक्का नको. या तिन्हींतलं काहीही झालं की आकडी आलीच. बादलीच्या कडीला चिंध्या गुंडाळलेल्या, पाणी घ्यायला जस्ताच्या मगाऐवजी दुध्याचा वाळवलेला तुंबा. इरम्मा हातातला चुडा काढायला तयार नव्हती. नवरा शरणप्पा गावाकडं धडधाकट असताना हात रिकामे कशाला करायचे? तेव्हा ताहेराबीनं तिच्या दोन्ही मनगटांवर पट्ट्या बांधल्या. तिच्या स्वतःच्या बांगड्यांचा प्रश्न नव्हता. त्या पोलीस अ‍ॅक्शनच्या सालीच उतरल्या होत्या.

तिचा नवरा गफार येडशी स्टेशनावरून उस्मानाबादेला टांगा चालवायचा. त्या सप्टेंबरात तो एका सवारीला घेऊन गेला. तिसऱ्या दिवशी घोडा तेवढा दारात येऊन उभा राहिला, तुटका लगाम लोंबत. मय्यत मिळालीच नाही. ताहेराबीनं घोड्याला पाणी पाजलं, आणि मग ती ओट्यावर बसली ती संध्याकाळपर्यंत उठली नाही. सासूनं, अजीजाबीनं, तिला उठवलं. अजीजाबीकडं मोहल्ल्यातल्या बायांना गुसल द्यायचं काम होतं. बाई माणूस गेलं की शेवटची आंघोळ घालायला तिला बोलावणं यायचं. सून घरात बसून वाळत चालली, तेव्हा सासू म्हणाली, "चल, पाणी ओतायला चल माझ्या संगट. हातांना कायतरी काम दे." अजीजाबीनंतर ते काम सुनेकडंच राहिलं.

दवाखान्यातली नोकरीही त्यातूनच मिळाली. त्या वेळच्या डॉक्टरांना आया हवी होती आणि येणारी प्रत्येक बाई पहिल्याच मयताला पळून जायची. कुणीतरी म्हणालं, ताहेराबी घाबरत नाही. घाबरत नाही, हे खरं होतं. पण तेरा वर्षं झाली होती. आता ती दमायची. सकाळी उठल्यावर आधी कंबर सरळ व्हायला वेळ लागायचा, मग गुडघे. बोटांची कातडी सतत पाण्यात राहून सोललेली असायची, रात्री खोबरेल लावलं तरी सकाळी पुन्हा तशीच. आणि या अंधाऱ्या खोलीत तिनं आजवर जितकी माणसं पुसली, त्यांतली बहुतेक आडवीच बाहेर गेली होती. दवाखान्यात पुसायचं, घरी येऊन भाकरीचा तुकडा मोडायचा, की मोहल्ल्यातून निरोप: "खाला, चला." एका पाण्यातून हात काढून दुसऱ्या पाण्यात घालायचा.

महालिंगप्पा आला तेव्हा तिनं त्याच्याकडं बघून मनातल्या मनात एवढंच म्हटलं होतं, अल्ला, याला तरी पायानं चालत जाऊ दे. मोठी मागणी नव्हती. कंटाळलेल्या माणसाची मागणी होती.

सास्तूरकडचं लिंगायत शेतकऱ्याचं घर. पोरगा पंचविशीतला, लग्नाला वर्ष झालेलं, बायको गरवार. बैलाला नाल ठोकताना बैलानं पाय झटकला आणि गंजका खिळा पोराच्या तळपायात गेला. घरच्यांनी खिळा उपसला, राख दाबली, वर हळद. जखम वरून मिटली. आठवड्यानं पोरगं भाकरी खायला बसलं तर तोंडच उघडेना. गावातले म्हणाले, बाहेरचं आहे. शरणप्पा म्हणाला, बाहेरचं असो की आतलं, गाडी जुंपा.

डॉक्टर महारुद्र हैदराबादेत शिकून आलेले. दवाखान्यात ते एकटेच डॉक्टर. त्यांच्या डोळ्यांखालची वर्तुळं बघून पेशंटच त्यांना "जेवलात का?" विचारायचे. त्यांनी महालिंगप्पाला झोपेच्या औषधाखाली ठेवलं, नाकातून नळी घातली, आणि चैताच्या त्या उन्हात ताहेराबीला दाराबाहेर बोलावून सांगितलं होतं:

"आकड्या औषध सांभाळेल. आपल्याला ताप सांभाळायचाय."

"जी."

"स्नायू आवळून आवळूनच अंग तापतं याचं. त्यात ही खोली बंद. शुद्धीतला माणूस पांघरूण लाथाडतो, पाणी मागतो, उकडतंय म्हणतो. हा काय म्हणणार?"

"काय बी न्हाय."

"म्हणून काखेतला थर्मामीटर, आणि तुमचा हात. इंजेक्शन चढलं, झोप गाढ झाली, की मगच पुसायचं. औषध उतरायला लागलं की हात लावायचा नाही. पाणी माठातलं नको, फार गार. साधं, उन्हातून सावलीत ठेवलेलं. मान, काखा. कमरेखालचं आपला वॉर्डबॉय खाजामियाँ बघेल."

"आन् थंडी वाजली तर?"

डॉक्टरांनी मान हलवली. "तेच अवघड आहे. या औषधात कुडकुडायचंसुद्धा माणूस विसरतो. दंडावर काटा आला, ओठ काळसर वाटले, की थांबायचं. ताप उतरवायचाय, माणूस गार करायचा नाही."

ताहेराबीनं हे ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "तुमी जेवलात का?"

तेव्हापासून ती पुसत होती. तुंबाभर पाण्यात फडकं बुडवायचं, पिळायचं, मानेच्या मागून पुढं आणायचं. मग काख. मग दंडावरून मनगटापर्यंत. फडकं उचललं की ओल्या कातडीवर पुठ्ठ्यानं हळू वारा. मग थांबून हाताच्या पालथ्या बाजूनं मान बघायची. गळ्यात त्याचं इष्टलिंग होतं, कापडी पिशवीत. पहिल्या दिवशी तिनं विचारलं होतं, "हे काढून ठेवू?" आणि इरम्मा म्हणाली होती, "जीव गेला तरी काढायचं न्हाय." तेव्हापासून ती दोन बोटांनी दोरा उचलायची, पिशवीखाली कोरडी घडी सरकवायची, भोवतालचं पुसायची. पिशवीला पाण्याचा थेंब लागला नव्हता. इरम्मानं हे पाहिलं होतं.

तसं तिचं आणि ताहेराबीचं फारसं बोलणं नव्हतंच. इरम्मा आपला तांब्या घेऊन आली होती, आपलं पाणी आपण आणायची, कोपऱ्यात गुडघ्यावर हनुवटी टेकून बसायची आणि पोराच्या उघड्या अंगाकडं बघत राहायची. त्या उघड्या अंगाचाच तिला राग होता. तिच्या गावात ताप आला की माणसाला घोंगडीत गुंडाळतात, वर दुसरी घोंगडी, घाम फुटू देतात. घामावाटे ताप जातो. इथं ही बाई पोराला उघडा टाकून ओला करत होती.

मंगळवारी दुपारी ताहेराबी भाकरी खायला गेली. भाकरी, कांदा, लसणाची चटणी. खाऊन हात धुतला आणि ती परत आली तेव्हा दाराची चादर बाजूला करताच तिला लोकरीचा वास आला.

महालिंगप्पा नाकापर्यंत काळ्या घोंगडीत होता. कडा पाठीखाली नीट खोवलेल्या. इरम्मा पायाशी बसून दोन्ही हातांनी त्याची पावलं चोळत होती.

"हे काय केलंत?"

"पाय बघ त्याचे!" इरम्मा कुजबुजायचा प्रयत्न करत होती, पण आवाज फाटत होता. "बर्फ झाल्यात! थंडीनं मरायला सोडलंस माझ्या लेकराला!"

ताहेराबीनं घोंगडीत हात घालून त्याच्या पोटावर ठेवला आणि लगेच काढून घेतला. तव्यावर ठेवल्यासारखा. श्वास भराभर चालला होता. तिनं एकेक कड सोडवली, घाई न करता, कारण घाई केली असती तर आकडी आली असती.

"काढू नको ती!"

"अव्वा, पाय सोडा. हात द्या हिकडं." तिनं इरम्माचं मनगट धरलं आणि तळवा पोराच्या पोटावर नेऊन ठेवला. "आता सांगा. थंडी?"

इरम्माचा तळवा तिथंच राहिला.

"पायावरून ताप बघू नका. चढत्या तापाला पाय गारच पडत्यात. मान बघा, प्वाट बघा. तुमच्या घरात घोंगडी लाथाडणारा माणूस असतोय. ह्यो लाथाडू शकतोय का?"

तेवढ्यात आकडी आली. मग दुसरी. खाजामियाँ डॉक्टरांना बोलवायला धावला. काखेत थर्मामीटर लावला तर पारा एकशेपाचाच्या वर. इंजेक्शन दिलं गेलं. डॉक्टर ओरडले नाहीत, त्या खोलीत ओरडता येत नव्हतं. त्यांनी इरम्माला हातानं दार दाखवलं आणि बाहेर उन्हात नेऊन सांगितलं, "बाई, मी परवानगी देईपर्यंत तुम्ही व्हरांड्यात. हा ताप असाच राहिला तर तुमचा मुलगा आकडीनं नाही, तापानं जाईल. समजलं?"

ताहेराबीनं घोंगडीची घडी घातली आणि चादरींच्या कपाटात कुलूप लावून ठेवली. किल्ली कमरेला खोचली.

व्हरांड्यात कस्तुराबाई होती. तिच्या नवऱ्याचं हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं आणि तिला नवऱ्यापेक्षा व्हरांड्यातच जास्त करमायचं. ताहेराबीच्या मोहल्ल्याला लागूनच तिचं घर. इरम्मा तिथं येऊन भिंतीला टेकली, तशी कस्तुराबाईनं सुपारी कातरता कातरता तिला धीर द्यायला सुरुवात केली.

"काळजी करू नका वो. ताहेराबी हाय ना. लई हलका हात तिचा."

"हलका!" इरम्मा म्हणाली. "कपाटात कुलूप घातलंय माझ्या घोंगडीला."

"तसली बाई शोधून मिळायची न्हाय. अवो, आमच्या शेजारची फरिदाबी गेली, तिला आंघोळ हिनंच घातली. बघणाऱ्या बाया म्हणत्यात, निजलेल्या लेकराला पुसावं तसं पुसलं. मेलेल्यालाबी दुखू देत न्हाय, तर जित्याला काय देईल?"

इरम्माची पाठ भिंतीपासून सुटली.

"कुणाला आंघोळ घातली?"

"फरिदाबीला. मोहल्ल्यातल्या समद्या बाया शेवटाला हिच्याच हातनं—" कस्तुराबाई थांबली. अडकित्ता तसाच उघडा राहिला. "म्हंजे, मला म्हणायचं व्हतं की हात हलका हाय."

बुधवारी सकाळी औषध चढल्यावर ताहेराबी बादली घेऊन मागच्या अंगाला आली, तेव्हा खोलीच्या दारात इरम्मा दोन्ही हात चौकटीला लावून उभी होती.

"बाजूला व्हा, अव्वा."

"तू मढी धुतीस."

ताहेराबीनं बादली खाली ठेवली. चिंध्या होत्या म्हणून आवाज झाला नाही. "धुते."

"त्याच हातानं माझ्या पोराला धुतीस."

"हात दोनच हायत मला."

"म्या तवाच ओळखलं व्हतं! उघडं अंग, वल्लं फडकं, माणूस हूं का चूं करत न्हाय. शिवा शिवा! जित्या माणसाची आंघोळ अशी असती का? तू त्याला मेलाच समजून धुवायलीस. न्हाय लावू द्यायची म्या हात!"

हे सगळं कुजबुजत. दोघींच्या मानेच्या शिरा टरारलेल्या, हातवारे भांडणाचे, आणि आवाज मात्र पानाच्या सळसळीइतका. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, बायका गुपित सांगतायत. कस्तुराबाई कोपऱ्यावर येऊन लांबूनच बघत होती, पण तिला काही ऐकू येत नव्हतं आणि त्यामुळं तिचा जीव जायची वेळ आली होती.

डॉक्टर एका अडलेल्या बाळंतिणीजवळ होते. खाजामियाँ त्यांच्यापाशी. आत खाटेवर सकाळचं ओलं फडकं वाळत चाललं असणार, आणि औषधाचा गाढ झोपेचा वेळ हातातून चालला होता. ताहेराबीला हे सगळं माहीत होतं. तिला भांडायला हवं होतं, इरम्माला ढकलून आत जायला हवं होतं. पण कंबरेतून एक कळ निघून थेट टाचेपर्यंत गेली आणि ती मटकन पायरीवर बसली.

"बसलीस काय?"

"दमले."

इरम्माला हे अपेक्षित नव्हतं. हात चौकटीवर तसेच राहिले, पण त्यांतला जोर गेला.

"ऐका," ताहेराबी जमिनीकडं बघत म्हणाली. "म्या गुसल देते ते बायांना. गड्यांना गडी देत्यात. आन् तुमच्यात तर बसवून पुरत्यात, स्वामी येतोय, तुमचीच माणसं असत्यात. तुमचा पोरगा, देव न करो, पर गेला जरी, तरी माझ्या हाती यायचा न्हाय. माझ्या हाती ह्यो जित्तापणीच हाय. तेवढाच."

इरम्माचा एक हात चौकटीवरून खाली आला.

"आन् मय्यतला म्या एकदा धुते, अव्वा. एकदा धुतली, कफन चढवलं, घरला आले, पडले. ह्याला सोमवारपासून किती बार पुसला? तुमीच बघत बसलाव कोपऱ्यात. मढं कुणी दिवसातनं धा बार धुतंय का वो? माझी कंबर गेली."

इरम्माच्या तोंडातून एक आवाज निघाला. रडायचा होता की कसला, तिलाच कळलं नसेल. तिनं पटकन पदर तोंडावर धरला. आत पोरगा होता.

"मय्यतला पुसताना बघाया लागत न्हाय," ताहेराबी म्हणाली. "ह्याला पुसते आन् बघते, पुसते आन् बघते. अंगावर काटा आला का, ओठ कसं हायत, दम कसा चाललाय. तुमाला माझा हात चालत न्हाय ना? मग तुमी पुसा. म्या दारात बसून सांगते. पर आता पुसा. औषध उतरलं की मग कुणालाच हात लावता यायचा न्हाय."

इरम्मानं चौकट सोडली.

तिनं पाण्यात फडकं बुडवलं आणि पिळलं. शेतातला हात. फडक्यात थेंब राहिला नाही.

"एवढं न्हाय. धुणं न्हाय ते. थोडं पाणी राहू द्या. हां. मानेमागून. अय, दाबू नका! म्हैस घासाय बसलाव का?"

"गप की. माझंच हाय ते."

"तुमचंच हाय, म्हैस न्हाय. हळू. आता उचला. वारा घाला. आता थांबा, बघा."

"काय बघू?"

"पालथा हात मानेला."

इरम्मानं पालथा हात मानेला लावला. बराच वेळ लावून ठेवला. "तापलंय," ती म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि आवाज, पहिल्यांदाच, खरोखर हळू होता.

"मग परत बुडवा."

लिंगाच्या दोऱ्याजवळ आल्यावर इरम्माचा हात थांबला. तिनं ताहेराबीकडं पाहिलं. ताहेराबीनं नुसती दोन बोटं उचलून दाखवली, आणि इरम्मानं तसाच दोरा उचलला, कोरडी घडी सरकवली.

डॉक्टर आले तेव्हा त्यांनी चादर बाजूला केली, आत पाहिलं, इरम्माला बाहेर काढायला तोंड उघडलं, आणि थर्मामीटर वाचून ते पुन्हा मिटलं. "पारा खाली आलाय," ते बाहेर येऊन म्हणाले. "कोणी पुसलं?"

"त्याच्या आईनं," ताहेराबी म्हणाली. "म्या बसले व्हते."

"बसला होतात? तुम्ही?"

"जी."

"बरं केलंत," डॉक्टर म्हणाले आणि स्वतःही क्षणभर त्याच पायरीवर बसले.

मग दिवस तसेच गेले, एकमेकांसारखे. एक पुसायची तेव्हा दुसरी वारा घालायची. उन्हं चढली की खिडकीच्या कांबळ्यावर बाहेरून गोणपाट भिजवून टाकायचं. ताप उतरायचा, पुन्हा चढायचा. मध्ये छातीत घरघर सुरू झाली आणि डॉक्टरांचा चेहरा उतरला. दोन दिवस पोराला या कुशीवरून त्या कुशीवर वळवत ठेवलं, पाठीवर थापटायचं तेही गाढ झोपेत असताना. शरणप्पा गावाहून आला, दारातून पोराला बघितलं, बायकोच्या बांधलेल्या मनगटांकडं बघितलं, आणि बैलांना वैरण नाही असं काहीतरी पुटपुटत बाहेर जाऊन निंबाखाली बसून राहिला.

एका दुपारी ताहेराबी कोपऱ्यात बसल्या बसल्या झोपली. जागी झाली तेव्हा इरम्मा तिच्या जागी बादलीजवळ बसली होती, आणि हातातला पुठ्ठा एकदा पोराकडं, एकदा ताहेराबीकडं असा हलत होता. ताहेराबीनं डोळे परत मिटले. थोड्या वेळानं तिनं पापणीच्या फटीतून पाहिलं, तर इरम्मा उठली, तिचा तांब्या रिकामा होता, आणि तिनं दाराजवळच्या ताहेराबीच्या मडक्यात ओंजळ घातली आणि पाणी प्याली. ताहेराबीनं पापणी मिटून घेतली. बोलायचाही कंटाळा आला होता.

घरघर कमी झाली. आकड्यांमधलं अंतर वाढलं. डॉक्टरांनी औषध थोडं थोडं कमी करायला घेतलं, आणि आता नवी भीती. औषधाखाली होता तोवर तो औषधामुळं गप्प होता. आता गप्प राहिला तर कशामुळं?

"उठल ना ह्यो?" इरम्मा विचारायची.

"डॉक्टर म्हणत्यात, वाट बघा."

"तू काय म्हणतीस?"

"म्या आया हाय, अव्वा."

त्या दिवशी सकाळी ताहेराबी पुसत होती. इरम्मा पुठ्ठा हलवत होती. ताहेराबीनं फडकं दंडावरून खाली आणलं आणि ती थांबली. दंडावर बारीक काटा उभा राहिला होता. ती वाकून बघायला लागली. मग खांदा थरथरला. इरम्माचा पुठ्ठा हवेतच थांबला. दोघी आकडीची वाट बघत राहिल्या, ताहेराबीचा हात आपोआप ओठांवर गेला.

पाठ उचलली गेली नाही. दात आवळले, पण ते वाजले. कटकट, कटकट, पौष महिन्यात वाजतात तसे.

"...वाजतीया," कोणीतरी म्हणालं.

घशातून, खरवडल्यासारखं. नळी लागलेल्या नाकातून अर्धं.

"काय म्हणाला?" इरम्मानं विचारलं. "काय म्हणाला गं?"

महालिंगप्पाचे डोळे अर्धे उघडे होते. आईकडं नव्हते, छताकडं होते. तोंड पुरतं उघडत नव्हतं. "थंडी," तो म्हणाला, "वाजतीया."

इरम्मा ताहेराबीकडं वळली. पुढं झाली नाही, पोराला धरलं नाही. नुसती बघत राहिली, ओठ हलत होते आणि विचारायचं धाडस होत नव्हतं.

ताहेराबीनं हात पदराला कोरडा केला. पालथा हात मानेला लावला. मग पोटाला. मग पुन्हा मानेला, कारण पहिल्या खेपेला तिचा तिच्यावरच विश्वास बसला नव्हता. तिनं कमरेची किल्ली काढून पुढं केली.

"घाला," ती म्हणाली.

इरम्मानं किल्ली घेतली, दारापर्यंत गेली, चादर बाजूला सारली. निंबाखाली शरणप्पा बसला होता, कस्तुराबाई कुणाला तरी काहीतरी सांगत होती. इरम्मानं किल्लीचा हात बाहेर पुढं केला, तोंड उघडलं आणि इतके दिवस छातीत कोंडलेला तो बांधावरचा आवाज सुटला:

"घोंगडी आणा वोऽऽ! माझ्या पोराला थंडी वाजतीया!"

व्हरांड्यातल्या कस्तुराबाईचा अडकित्ता खाली पडला. खाजामियाँ पळत आला. इरम्माच्या स्वतःच्या ध्यानात आलं तसे तिचे दोन्ही हात तोंडावर गेले, आणि ती मागं वळली. सगळे खाटेकडं बघत होते.

महालिंगप्पा कुडकुडत होता. नुसता कुडकुडत होता. त्यानं मान जराशी वळवली आणि कपाळाला आठ्या घातल्या, आई ओरडली की घालत असेल तशा.

ताहेराबी भिंतीच्या आधारानं खाली बसली. पाय लांब केले. फडकं अजून हातातच होतं, त्याचं पाणी फरशीवर ठिबकत होतं.

"वरडा," ती म्हणाली. "आता किती वरडायचंय तितकं वरडा, अव्वा. म्या जरा पाठ टेकते."